मुलांची सुटी आणि घरातली अडगळ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला आज बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, ‘अहो, मला भाषण कुठले येते! मला फार तर खळ शिजवता येते.’ त्यावर आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, ‘मग खळीवरच बोला.’ तेव्हा आज मी खरोखरच खळ, चिंध्या, रद्दी आणि चिंचोके यांवर बोलणार आहे. वर्धापनदिनाला शोभेलसे मोठे विषय पुष्कळ आहेत. ते बोलणाऱ्या विदुषीही आपल्यात आहेत. पण परीक्षा आटोपत आल्या आहेत, सुटी तोंडावर आली आहे, आणि आपल्या सुटीतल्या वर्गाबद्दल मंडळाला लवकरच एक निर्णय घ्यायचा आहे. त्यापूर्वी माझा अनुभव तुमच्या कानांवर घालावा, एवढाच या बोलण्याचा हेतू.

आपले सातपूर हे एके काळी शेतीभातीचे गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे इथल्या शेतांच्या जागी कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९८२ साली नाशिकची महानगरपालिका झाली तेव्हा आपण शहरात मोडू लागलो. आपल्यापैकी कोणी खानदेशातून आले, कोणी मराठवाड्यातून, कोणी त्र्यंबक-पेठेकडून, कोणी थेट उत्तरेकडून. पोटासाठी आलो आणि इथलेच झालो. पण त्यामुळे मुलांचे आजोळ मात्र दूर राहिले. आमच्या लहानपणी सुटी म्हणजे आजोळ. आंब्याची अढी, विहिरीत पोहणे, अंगणात झोपणे. आज किती मुलांच्या वाट्याला ते येते? वडिलांना रजा नाही, भाड्याला पैसे नाहीत, आणि मामाही आता कुठल्या तरी दुसऱ्या शहरात दोन खोल्यांत राहतो.

मग सुटीतले सहा आठवडे मूल करते काय? आईवडील दोघेही पहिल्या पाळीला गेलेले असले, तर घराला बाहेरून कडी, आत मूल, आणि मुलाच्या हातात मोबाइल. मी कोणाला दोष देत नाही. मोबाइल हातात देणाऱ्या आईला दुसरा इलाज असता, तर तिने तो दिला नसता. वैशाखात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, रस्त्यावर गाड्या धावतात, मूल बाहेर सोडायचे तरी कुठे? थोरली मुलगी असेल तर तिला सुटी तरी कुठली? धाकट्याला सांभाळ, पाणी भर, कुकर लाव. शाळा होती तोवर तिला निदान पाच-सहा तास स्वतःचे होते. सुटी लागली की तेही जातात.

हे सर्व पाहूनच चार वर्षांपूर्वी आपण मंडळाच्या सभागृहात मुलांसाठी हस्तकलेचा वर्ग काढला. आणि पहिल्याच वर्षी मी एक मोठी चूक केली. ती आज सर्वांसमक्ष सांगते, कारण पुढे जे काही थोडे बरे झाले ते त्या चुकीतून शिकूनच झाले.

मी मोठ्या उत्साहाने सामानाची यादी केली. रंगीत कार्डशीट, घोटीव कागद, चमकी, मणी, गोंदाची बाटली, रंगांची पेटी. छान झेरॉक्स काढून प्रत्येक मुलाच्या हातात दिली. सगळे मिळून तीनशे रुपयांच्या आसपास जात होते. मला वाटले, ‘वर्ग तर फुकट आहे, एवढे कोणालाही जड नाही.’ पहिल्या दिवशी एक मुलगी आली, दहा-अकरा वर्षांची. कडेवर धाकटा भाऊ. दुसऱ्या दिवशी ती दाराशीच उभी राहिली. ‘आत ये ना,’ म्हटले, तर म्हणाली, ‘माझं सामान उद्या येणार आहे.’ तिसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. पुढे एकदा गिरणीत दळण घेऊन उभी दिसली. मी विचारले, तर मान वळवून म्हणाली, ‘मला नाही आवडत ती चिकटवाचिकटवी.’ मी बापडी खरे मानून घरी आले.

श्रावणात हळदीकुंकवाला तिची आई भेटली. तिने सांगितले, जूनमध्ये पुस्तकांना कव्हरे घालायला म्हणून दप्तर उपसले, तर तळाशी चार घड्या घातलेली माझी यादी सापडली. पोरीने ती घरात कोणाला दाखवलीच नव्हती. ‘एवढंच होतं तर मला सांगायचं ना हिनं,’ असे ती माउली म्हणत होती. माझ्या हातातले कुंकवाचे बोट तसेच राहिले. दहा वर्षांच्या मुलीने घरची परिस्थिती ओळखून आपली हौस गिळली, आणि ती वेळ तिच्यावर मी आणली होती.

त्यानंतर आपण एक नियम केला. दुकानातून काही आणायचे नाही. जे आणायचे ते घरातून, आणि तेही आईला विचारून. मंडळाने द्यायचे ते फक्त मैदा, मेथी, गेरू, सुया, दोरा आणि बोथट टोकाच्या कात्र्या. नंतरच्या तीनही उन्हाळ्यांत हा नियम आपण मोडलेला नाही.

हा काही माझ्या डोक्यातून निघालेला नवा शोध नव्हे. ताराबाई मोडकांचे नाव तुम्ही ऐकले असेल. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढले. त्या कामात ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. माँटेसरी पद्धतीची साधने सुरेख, पण महाग. गरिबाच्या मुलाला ती कुठून मिळणार? १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या आणि तिथे त्यांनी गोटे, शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या यांतूनच साधने बनवली. १९५७ मध्ये हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघांनी त्यात आपले सारे आयुष्य घातले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा वस्तीच्या अंगणात न्यायची. त्या अंगणवाडीचे नाव आज खेडोपाडी सर्वांच्या तोंडी आहे. मुले गुरांमागे रानात जातात, तर शाळाही कुरणात न्यायची. आणि थोरलीच्या कडेवर धाकटे असते म्हणून ती येऊ शकत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात ठेवायची. हे वाचले तेव्हा मला दाराशी उभी राहिलेली ती मुलगी आठवली. मी तिला ‘आत ये’ म्हटले होते; ‘भावालाही घेऊन ये’ असे म्हणायला हवे होते. दुसऱ्या वर्षी मी तिच्या घरी जाऊन ते म्हटले. ती आली. भाऊही आला, आणि पहिल्याच दिवशी त्याने चाटून चाटून अर्धी वाटी खळ संपवली!

असो. आता प्रत्यक्ष काय काय करता येते ते सांगते. ज्यांना घरी करून पाहायचे असेल त्यांनी प्रमाणे लिहून घ्यावीत.

खळ. चिकटवण्यासाठी बाटली विकत आणायचे कारण नाही. अर्धी वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवावा, मग आणखी तीन वाट्या पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवावा. पाच-सात मिनिटांत तो तुकतुकीत दिसू लागला की झाली खळ. चिमूटभर मीठ टाकावे. या दिवसांत ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. पुस्तके बांधणारे तिच्यात मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी आहे. मुलांच्या खळीत ते चुकूनही घालू नये. ज्यांच्या घरी चैत्रात चिंच फोडली असेल त्यांनी चिंचोके टाकू नयेत. भाजून, साले काढून, रात्रभर भिजवून, वाटून शिजवले की त्यांचीही घट्ट खळ होते. धनगर लोक घोंगडीला जी खळ देतात ती चिंचोक्यांचीच.

कागदाच्या लगद्याच्या टोपल्या. ही आपल्या आज्यांची विद्या. जुन्या वर्तमानपत्राचे बारीक तुकडे रात्रभर भिजत घालावेत, सकाळी पिळून पाट्यावर किंवा खलबत्त्यात कुटावेत. तांब्याभर लगद्याला दोन चमचे मेथी भिजवून वाटून घालावी आणि मूठभर खळ मळावी. मेथीमुळे चिकटपणा येतो आणि किडीलाही तिचा कडूपणा आवडत नाही. मग एखादे पातेले पालथे घालून, त्याला तेलाचा हात लावून, बाहेरून हा लगदा भाकरीसारखा थापत जावा. करंगळीहून जाड नको, नाहीतर आत ओल राहते आणि बुरशी येते. आमच्या पहिल्या तीन टोपल्यांना आली. ऊन कडक असेल तर दोन-तीन दिवसांत टोपली सुटून येते. हे काम पावसाळ्यात होत नाही, हिवाळ्यात रेंगाळते; वैशाखाचे ऊनच त्याला हवे. ज्या उन्हाला आपण शिव्या देतो ते इथे फुकटचे कामाला येते. मात्र वाळत घातलेल्यावर नजर हवी. मैद्याच्या वासाने एका शेळीने आमच्या दोन टोपल्या फस्त केल्या आहेत. टोपलीत लसूण, कांदे, बटणे, दोरे काहीही ठेवावे. भाकरी-पोळीसारखे उघडे अन्न ठेवू नये, कारण छापील शाई अन्नाला लागणे चांगले नाही.

मुखवटे. हाच लगदा, किंवा खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे सात-आठ थर, मडक्याच्या पोटावर चढवले की मुखवट्याचा सांगाडा होतो. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला आणि जव्हार-मोखाड्याकडे आदिवासी गावांत उन्हाळ्याच्या सुमारास बोहाडा होतो. देवदेवतांचे, राक्षसांचे, पशूंचे मोठमोठे मुखवटे घालून रात्रभर सोंगे नाचवतात. पूर्वी ते लाकडाचे असत, आता पुष्कळसे कागदाच्या लगद्याचेही करतात. आमच्या वर्गात पेठेकडच्या घरातला एक मुलगा आहे. तो एरवी तोंडातून शब्द काढत नसे. मुखवट्यांचा विषय निघाला त्या दिवशी त्याने उभे राहून सगळ्यांना बोहाड्याची चाल करून दाखवली. शाळेत ‘खेड्यातला’ म्हणून मागे बसणारा तो त्या दिवशी आमचा गुरुजी झाला.

गेरू आणि तांदळाचे पीठ. खोक्याच्या पुठ्ठ्यावर गेरूत थोडी खळ कालवून दोन हात द्यावेत. वाळला की तांदळाचे पीठ पाण्यात दाट कालवून त्यात किंचित डिंक घालावा आणि बांबूची बारीक काडी टोकाशी चावून तिचा कुंचला करावा. वारली चित्रे अशीच काढतात. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि रेघा एवढ्यातून माणसे, झाडे, नाच, पेरणी सारे उमटते. लग्नघरी भिंतीवर देवीचा चौक लिहिण्याचे काम पूर्वीपासून बायकांचेच. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ज्या मुलाला ‘मला चित्र येत नाही’ असे वाटते, त्याला दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढायला सांगावेत. माणूस उभा राहतो आणि मुलाची भीती जाते. एक सांगावे, की आपण जे काढतो ते त्यांच्याकडून शिकलेले आहे. नाव त्यांचे घ्यावे.

चिंध्या. बाहुली करायला मोजा किंवा बाहीचा तुकडा, आत कापडाचे कपटे, वरून काळ्या दोऱ्याचे डोळे. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोधडी. प्रत्येक मुलाने घरून एक वितीचा तुकडा आणायचा, त्याखाली जुन्या धोतराचा किंवा चादरीचा थर लावून साधा धावदोरा घालायचा. सगळे तुकडे जोडले की वर्गाची गोधडी होते. मुलगेही सुई धरतात, हे मी मुद्दाम सांगते. एका वडिलांनी मला विचारले, ‘माझ्या मुलाला शिवण कशाला?’ मी म्हटले, ‘भाऊ, तुमच्या शर्टाचं बटण तुटलं तर पहिल्या पाळीला जाताना कोण लावतं?’ ते हसले. दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर शर्टच पाठवून दिला! आपल्या मंडळातल्या सर्वांत वडील आजी या कामाला रोज येऊन बसतात. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण टाका वाकडा गेला की बोटांना कळतो.

काडी आणि व्हॉल्व्हची नळी. हे मी शिकले अरविंद गुप्ता यांच्या पुस्तकातून. ते कानपूरच्या आयआयटीतले इंजिनिअर. १९७८ साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले आणि टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्यात रमले. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी मुलांसाठी शेकडो खेळणी केली. २०१८ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी मिळते. तिचे छोटे तुकडे करून त्यांत काडेपेटीच्या काड्या खोचायच्या. काड्यांचे गूल मोठ्यांनी आधीच खरवडून टाकायचे. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलतो. त्याला एक तिरकी काडी आडवी घातली की तोही ताठ होतो. हे चालू असताना एकाचे वडील त्याला न्यायला आले होते. फॅब्रिकेशनच्या कामावर आहेत. ते दारातच थांबले आणि वर बोट करून म्हणाले, ‘आपल्या छपराची कैची बघा. तिच्यात सगळे त्रिकोणच आहेत. आम्ही रोज हेच जोडतो.’ वर्गातली सगळी मुले माना वर करून छपराकडे पाहत राहिली. आपला बाप रोज काय करतो हे त्या मुलाला त्या दिवशी प्रथम कळले असेल.

घडीचे काम. जुन्या दिनदर्शिकेचा कागद जाड असतो. त्याचा नेटका चौरस करून होडी, टोपी, पक्षी, डबी करावी. यात गणितही शिकता येते. मद्रासचे टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक १८९३ सालीच लिहिले आणि ते परदेशातही वाचले गेले. मुलाला एवढेच विचारावे, की चौरसाची कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातली तर काय दिसते? पुन्हा घातली तर? ते आपण होऊन सांगू लागते.

पाने आणि तिकिटे. पिंपळाचे पाकळे पान दोन-तीन आठवडे पाण्यात ठेवावे, दर दोन दिवसांनी पाणी बदलावे. मग मऊ ब्रशाने हलकेच घासले की नुसती जाळी उरते. सुटीच्या पहिल्या दिवशी पान भिजत घातले की सुटी संपायच्या आत जाळी हाती येते; मुलांना वाट पाहायची सवय लागते हा त्यातला अधिक लाभ. आणि ज्यांच्या घरी जुनी पत्रे असतील त्यांनी पाकिटावरचा तुकडा कापून पाण्यात टाकून तिकिटे सोडवावीत. आपल्या देशाची टपाल तिकिटे १९२६ पासून नाशिकरोडच्या छापखान्यात छापली गेली. आपल्या गावाशेजारी तयार झालेले तिकीट कुठकुठे फिरून आपल्याकडे परत येते, हे ऐकून मुलांना मोठे नवल वाटते.

आता थोडे सावधगिरीचे. आपण औद्योगिक वसाहतीत राहतो, तेव्हा ‘टाकाऊ’ या शब्दाला जपावे लागते. दुसऱ्या वर्षी एका मुलाने लेथवर निघालेली लोखंडी वेटोळी आणली. निळसर, चमकणारी, पाहायला मोठी सुंदर. ती उलगडताना त्याचे बोट खोल कापले. धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे लागले, चार दिवस हात बांधून ठेवावा लागला. दोष माझा, मी ‘घरात असेल ते आणा’ म्हटले होते, काय आणू नये ते सांगितले नव्हते. तेव्हापासून पहिल्याच दिवशी सांगते, की लोखंडाचा कीस, पत्र्याचे तुकडे, तेलाने माखलेली चिंधी, रसायनाच्या गोणी, ड्रम आणि फुटके बल्ब आणायचे नाहीत. बॅटऱ्या फोडायच्या नाहीत. घड्याळात आणि खेळण्यांत असतो तो गोल चपटा सेल तर लहान मुलाच्या हाती लागताच कामा नये. तो गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजते. तसा संशय आला तरी क्षणभर न थांबता इस्पितळ गाठावे. चिंचोके, मणी, बटणे तीन वर्षांखालच्या मुलापासून दूर ठेवावीत. ती नाका-कानात आणि घशात जातात. थर्माकोलच्या सजावटीचा आपल्या राज्याने २०१८ साली बंदीच्या यादीत समावेश केला आहे, आणि त्याची आपल्याला गरजही नाही. कारखान्यातून खोकी, पुठ्ठे आणायचे ते साहेबांना विचारून आणि गेटवर दाखवून. मुलांसाठी म्हणून न विचारता उचलून आणलेली वस्तू मुलांना नको ते शिकवते.

आणखी एक. मुलाने केलेली वस्तू वाकडी असली तरी ती आपण सरळ करू नये. पहिल्या वर्षी प्रदर्शनात चांगले दिसावे म्हणून आम्ही बायकांनी रात्री बसून मुलांच्या वस्तूंवर हात फिरवला होता. सकाळी एक मुलगा आपला हत्ती शोधत बसला. तो समोरच होता, पण त्याला ओळखू आला नाही. त्या हत्तीची सोंड आम्ही बदलली होती. वस्तू वाकडी तर वाकडी, ती त्याची असते.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभी राहिले तिच्याकडे येते. सभागृहाचे छप्पर गळते, दुरुस्तीला पैसे हवेत, हे खरे आहे. म्हणून येत्या सुटीपासून वर्गाला दर मुलामागे दोनशे रुपये फी ठेवावी, बाहेरून शिक्षिका बोलवावी आणि शेवटी प्रमाणपत्र द्यावे, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. सूचना करणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे. त्यांनी मंडळासाठी जे कष्ट घेतले आहेत त्यांच्या निम्मेही माझ्या हातून झालेले नाहीत. पण या सूचनेला माझा नम्रपणे विरोध आहे.

त्या म्हणतात, ‘ज्यांना जमणार नाही त्यांना आपण माफी देऊ.’ पण भगिनींनो, माफी मागायला कोण येणार? ज्या मुलीने यादी आईलासुद्धा दाखवली नाही, ती तुमच्यामाझ्याकडे येऊन ‘मला माफ करा’ म्हणेल? ती पुन्हा दाराशीच उभी राहील आणि म्हणेल, ‘मला आवडत नाही.’ आणि आपण खरे मानू. फुकटाची किंमत नसते असेही म्हणतात. पण गेल्या तीन सुट्यांत कोणी आमचा मैदा वाया घालवला नाही. शेळी आणि तो धाकटा भाऊ सोडून!

छपरासाठी मी दुसरी सूचना करते. आपण बायका उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे घालतोच. यंदा आठ दिवस मंडळाच्या गच्चीवर सगळ्याजणी मिळून घालू आणि विकू. श्रम आपले, पैसा मंडळाचा. मुलांनी केलेल्या टोपल्या मात्र विकायच्या नाहीत. त्या त्यांनी घरी न्यायच्या.

दुसरी विनंती वेळेची. आजवर वर्ग सकाळी आठ ते दहा असे. त्यामुळे पहिल्या पाळीला जाणाऱ्या आयांची मुले दहानंतर पुन्हा कडी लावलेल्या घरात जातात. आपण आळीपाळीने बसायचे ठरवले, तर सभागृह दुपारी चारपर्यंत उघडे ठेवता येईल. पंखे आहेत, माठ आहे. दुपारी काही शिकवायला हवे असेही नाही. मुले आपापले करत बसतात. एकेकीने आठवड्याला दोन तास द्यावेत, एवढेच मागते. धाकट्या भावंडांना कोपऱ्यात सतरंजी घालून ठेवता येईल. ज्यांची मुले मोठी होऊन दूर गेली आहेत अशा माझ्यासारख्या पुष्कळजणी इथे आहेत. त्यांना दुपार खायला उठते, हे मला ठाऊक आहे.

त्या मुलीची गोष्ट अर्धी राहिली. ती आता आठवीत गेली आहे. तिने केलेली टोपली त्यांच्या घरी शिंक्यावर असते, तिच्यात लसूण असतो. मेथी जरा कमी पडली होती, एका बाजूने कड उडाली आहे. गेल्या आठवड्यात ती मला भाजीबाजारात भेटली आणि म्हणाली, ‘काकू, यंदा लहान मुलांना लगदा मी शिकवीन. पण फी ठेवणार आहेत म्हणे, खरं का?’ मी तिला म्हटले, ‘सभेत विचारून सांगते.’

भगिनींनो, तिला काय सांगायचे ते तुम्ही ठरवा.